पोटात पाहणारी दुर्बीण

वेरूळच्या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती इल्वल नावाच्या राक्षसापर्यंत जाते. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात या गावाचे नाव 'एलापूर' असे येते, आणि त्याला इल्वलाशी जोडणे भाषाशास्त्राला जडच जाईल. पण जिथे अख्खा डोंगर वरून खाली कोरत नेला, त्या गावाला राक्षसाचे नाव चिकटले तर नवल नाही. महाभारताच्या वनपर्वातला हा इल्वल आपल्या वातापी या भावाला मेंढा करी, त्याचे मांस शिजवून आलेल्या ब्राह्मणांना वाढी आणि जेवणे उरकली की भावाला हाक मारी. वातापी पाहुण्याचे पोट फाडून हसत बाहेर येई. अगस्ती जेवले तेव्हा मात्र हाकेला उत्तर म्हणून नुसता वारा बाहेर पडला. तो कुठून आणि केवढ्या आवाजाने, हा तपशीलही वनपर्वाने गाळलेला नाही.

दिवाळीच्या फराळानंतर पोटावरून हात फिरवत अगस्तीचे नाव घेणारी माणसे अजून भेटतात. आत गेलेले आत मुकाट राहील ना, ही त्यांची शंका वातापीच्या काळाइतकीच जुनी आहे. पोट ही मोठी अडचणीची जागा. डोळ्यात काही गेले तर दुसरा पाहून सांगतो, हात मोडला तर चाचपता येतो. पोटात काय बिघडले हे मात्र ज्याचे पोट त्यालाही दिसत नाही. त्याला फक्त सांगता येते: जळजळते, डब्ब होते, गुबारा धरतो, दोन घासांतच तट्ट फुगते, करपट ढेकर येतात, आंबट पाणी घशाशी येते. वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांनी दोन-अडीच हजार वर्षे या सांगण्यावरच भागवले. सांगणे बाजूला ठेवून आत पाहण्याची सोय झाली ती अगदी अलीकडे, आणि पाहिल्यावर जे दिसले त्यापेक्षा जे दिसले नाही त्याचा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या सोयीला मराठीने नाव दिले 'दुर्बीण'. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेत, 'एन्डोस्कोपी झाली का?' असे रुग्णाला कुणी विचारत नाही. 'दुर्बीण टाकली का?' असेच विचारतात. शब्द फारसी, 'दूरचे पाहणारी' या अर्थाचा. निजामाने १७६३ साली राजधानी हैदराबादला हलवण्याआधी हे शहर दख्खनच्या सुभ्याचे ठाणे होते, तेव्हा गडावरच्या दुर्बिणीचा शब्द इथल्या कानांना परका नसणार. मैलभर लांबचा शत्रू पाहणारे यंत्र आणि वीतभर खालचे जठर पाहणारे यंत्र यांना एकच नाव देणाऱ्याच्या मनात अंतराचा हिशेब वेगळा असावा. पोट जवळ आहे, पण दिसण्याच्या दृष्टीने दूरच.

आधी दुर्बिणीपूर्वीचे पाहू. चरकाच्या विमानस्थानात एक निरीक्षण आहे, ते पुढे कामाला येईल म्हणून इथेच नोंदवतो. पथ्याचे आणि मात्रेतच खाल्लेले अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, वाईट अंथरूण आणि जागरण यांमुळे पचत नाही, असे त्याचे म्हणणे. माधवनिदानाने अजिर्णाचे आम, विदग्ध, विष्टब्ध आणि रसशेष असे प्रकार केले आणि अम्लपित्ताला वेगळे प्रकरण दिले. त्या प्रकरणातली लक्षणे, म्हणजे कडू-आंबट ढेकर, छाती-घशाची जळजळ, अंग जड होणे, अन्नावरची वासना उडणे, आजच्या कुठल्याही दवाखान्यातल्या केसपेपरवर तशीच्या तशी उतरवता येतील. उपायही घरोघर पोचले होते. तुपात कालवलेले हिंगाष्टक पहिल्या घासाबरोबर घ्यायचे, हे सांगायला वैद्य लागत नसे.

या शहराला दुसरीही परंपरा मिळाली, ती युनानी. हकिमांच्या भाषेत अपचनाला 'सू-ए-हज्म' म्हणतात, आणि त्यावरच्या औषधी पाकांना जवारिश. हा शब्दही मुळात फारसीतला पचनाचाच शब्द. जवारिश कमूनी म्हणजे जिऱ्याची, जवारिश जालिनूस म्हणजे गॅलनच्या नावाची. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्याचे नाव अरबी वळणाने दख्खनपर्यंत आले, आणि ज्या शहरात नान-खलिया चवीने खाल्ला जातो तिथे ते टिकले याचे आश्चर्य वाटायला नको. वैद्याचा अग्नी आणि हकिमाचे मिजाज यांत शास्त्रार्थाला भरपूर जागा आहे. मात्र दोघेही नाडी, जीभ आणि रुग्णाचे बोलणे यांवरून आतले ताडत होते. रुग्णाचे बोलणे हीच तपासणी होती, आणि ते नीट ऐकून घेणे हे कौशल्य.

आत डोकावण्याची पहिली संधी अपघाताने मिळाली. जून १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार जवळून लागला. तो जगला, पण जठरापर्यंतचे भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने पुढची काही वर्षे त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे, भाजीचे तुकडे आत सोडून, बाहेर काढून पचन पाहिले आणि १८३३ साली ते प्रयोग ग्रंथरूपात छापले. जठरातला रस आम्ल असतो हे त्यातून पक्के झाले. रुग्ण रागावला किंवा घाबरला की जठराचे काम बिघडते, हेही बोमाँटने नोंदवले. चरकाला हे सांगायला भोक लागले नव्हते, असा टोमणा इथे मारता येईल. पण ताडणे आणि दाखवणे यांत फरक आहे, आणि सेंट मार्टिनला तो फरक फार महाग पडला.

भोक न पाडता आत जायचे तर तोंडाचाच रस्ता. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा बसवलेले यंत्र शरीराच्या पोकळ्या पाहायला केले होते. व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींनी ते उडवून लावले. त्यातून जठरापर्यंत पोचणे तसेही अशक्यच होते. ती मजल मारली फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउलने, १८६८ साली. सरळ ताठ नळी घशातून जठरात जाऊ शकते का, ही त्याची अडचण. उत्तर त्याला वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नाही, जत्रेत सापडले. तलवार गिळणारा खेळिया मान मागे टाकून तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणतो. कुसमाउलने अशाच एका खेळियावर सुमारे ४७ सेंटिमीटरची नळी वापरून पाहिली. नळी गेली, पण उजेड अपुरा पडला आणि जठरातल्या पाण्याने पाहणे अशक्य केले.

या खेळाचा धागा आपल्याकडेही येतो. १८१३ च्या सुमारास लंडनला गेलेल्या भारतीय जादूगारांनी तलवार गिळण्याचा प्रयोग तिथे गाजवला होता. इंग्लिश निबंधकार हॅझलिटने त्या जादूगारांवर निबंधही लिहिला. त्याही आधी हठयोग्यांची धौती होती: चार बोटे रुंद, पंधरा हात लांब ओले फडके हळूहळू गिळायचे आणि परत ओढून काढायचे. घसा आवरायला शिकवता येतो, हे ज्ञान म्हणजे आजच्या प्रत्येक दुर्बीण-तपासणीची पूर्वअट. ते आपल्याकडे मठात आणि रस्त्यावर होते. वैद्यकाकडे ते फार उशिरा गेले.

मठातले ज्ञान प्रयोगशाळेत नेण्याचा महाराष्ट्रातला एक प्रयत्न मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे खानदेशात अमळनेरला शिकवत होते. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने पाहिले. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले, आणि आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी त्याला 'माधवदास पोकळी' म्हटले. योगाच्या गौरवग्रंथांत हे प्रयोग भक्तिभावाने सांगितले जातात. मला त्यातला भक्तिभावापेक्षा संशय आवडतो: परंपरा सांगते ते आतही खरेच घडते का, हे पाहण्याची निकड.

युरोपात ताठ नळी हळूहळू सुधारत गेली. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथने २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी त्याचा शिष्य मिकुलिच याने यंत्रकार लाइटरच्या मदतीने विजेच्या उजेडाची जठरदुर्बीण बनवली. गुरूने पोट उघडले आणि शिष्य ते न उघडता पाहायच्या मागे लागला. म्युनिकच्या रुडोल्फ शिंडलरने १९३२ मध्ये अर्धी लवचीक दुर्बीण केली. आत लहान लहान भिंगांची रांग असल्यामुळे ती थोडी वाकवली तरी चित्र मोडत नसे. शिंडलरचे वडील ज्यू. नाझींनी त्याला अटक केली, आणि सुटल्यावर १९३४ साली तो शिकागोला गेला. जठराच्या दुर्बिणीचे केंद्र जर्मनीतून अमेरिकेला सरकले ते असे.

खरी अडचण अजून तशीच होती. उजेड सरळ जातो आणि माणूस आतून सरळ नाही.

ही अडचण सुटली त्या कथेत एक पंजाबी नाव आहे. नरिंदरसिंग कपानी १९२६ साली मोग्याला जन्मले, डेहराडूनला शिकले. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेत मास्तरांनी सांगितले आणि ते आपल्याला पटले नाही, असे ते पुढे सांगत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांना हॅरॉल्ड हॉपकिन्स हे मार्गदर्शक मिळाले. हॉपकिन्सना हा प्रश्न एका जेवणाच्या मेजावर मिळाला होता. १९५१ साली शेजारी बसलेल्या एका डॉक्टरांनी ताठ दुर्बिणीने रुग्णांचे काय हाल होतात याचे गाऱ्हाणे केले. अजिर्णाच्या इतिहासाला वळण देणारी गोष्ट जेवताना निघावी, हे ठीकच झाले. हॉपकिन्स आणि कपानी यांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच अंकात नेदरलँडच्या व्हान हीलचाही होता.

कल्पना सांगायला सोपी आहे. केसापेक्षा बारीक काचतंतूच्या एका टोकाला उजेड शिरला की तो आतल्या आत भिंतींवर आपटत दुसऱ्या टोकाला निघतो. तंतू वळला की उजेडही वळतो. असे हजारो तंतू एकत्र बांधले की प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका नेतो. अट एवढीच की दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच हवा. संभाजीनगरात हिमरूचा माग पाहिलेल्याला हे लगेच कळेल: ताण्याचा एक धागा इकडचा तिकडे झाला की नक्षी बिघडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे उघडे तंतू एकमेकांना टेकले की उजेड एकातून दुसऱ्यात झिरपे आणि चित्र पुसट होई. तंतूवर दुसऱ्या काचेचे अस्तर चढवणे हा उपाय. मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने एका काचेची कांडी दुसऱ्या काचेच्या नळीत घालून, दोन्ही एकत्र वितळवून तार ओढली. तो महिना डिसेंबर १९५६. दोनच महिन्यांनी त्याचा सहकारी, दक्षिण आफ्रिकेतून आलेला बेझिल हिर्शोविट्झ, याने ती नवी दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घातली आणि काही दिवसांनी एका व्रणाच्या रुग्णाच्या.

१९५६ हे साल या शहरालाही आठवण्यासारखे आहे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो, ते त्याच वर्षीचे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. निजामी राजवटीने या भागात रुग्णालये फार ठेवली नव्हती. जालना, बीड, परभणीपासून बुलढाणा-जळगावपर्यंतच्या रुग्णांना 'मोठा दवाखाना' म्हणजे घाटी, हे समीकरण तेव्हापासून बसत गेले. लवचीक दुर्बीण आणि घाटी हे अशा रीतीने समवयस्क, जरी त्यांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

मधल्या काळात पोटाच्या जुन्या दुखण्याचे काय होई? बेरियमचे पांढरे, खडूसारखे औषध पाजून क्ष-किरणाचे फोटो काढत. व्रणाची सावली दिसली तर दूध, सोडा, पथ्य, आणि तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. दक्षिणेत त्रावणकोरातल्या नेय्यूर येथे एव्हरेस्टच्या १९२२ आणि १९२४ च्या मोहिमांतला गिर्यारोहक हॉवर्ड सॉमरवेल हा मिशनरी शल्यविशारद जठराच्या व्रणांवर शस्त्रक्रिया करत होता, कारण तिथे व्रणांचे रुग्ण फार. पुढे फ्रँक टोवी या म्हैसुरात काम केलेल्या सर्जनने भारताचा व्रणांचा नकाशाच मांडला: भात खाणाऱ्या दक्षिण-पूर्वेत व्रण जास्त, गहू आणि भरड धान्यांच्या प्रदेशात कमी. त्याला वाटे, न सडलेल्या धान्यातच काही संरक्षक द्रव्य असावे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मराठवाड्याला हे ऐकून बरे वाटेल, पण फार बरे वाटून घेऊ नये. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी खाऊन पोटे बिघडल्याच्या आठवणी म्हातारी माणसे अजून काढतात. आणि आज त्याच शिवारातल्या घरांतून सकाळी गव्हाची पोळी आणि चार वेळा चहा असतो.

शस्त्रक्रियेचा तो काळ संपवला दोन गोष्टींनी. एक, औषधे: १९७६ साली जेम्स ब्लॅकचे सिमेटिडिन आले, मग रॅनिटिडिन, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल. आम्ल दाबता येऊ लागले. दुसरी गोष्ट दुर्बिणीशिवाय घडलीच नसती. मेल्यावर माणसाचे जठर स्वतःच्याच रसाने लगेच विरघळू लागते, त्यामुळे शवविच्छेदनात त्याची त्वचा नीट मिळत नाही. लवचीक दुर्बिणीच्या पोटातून जाणाऱ्या बारीक चिमट्याने जिवंत माणसाच्या जठराचा तिळाएवढा ताजा तुकडा मिळू लागला. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन हे पॅथॉलॉजिस्ट १९७९ पासून असे तुकडे पाहत होते आणि त्यांना त्यांत वळणदार जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगत नाहीत, ही सर्वांची ठाम समजूत. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने ते जंतू वाढवायचे ठरवले. नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी बशा फेकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या लांब सुटीत त्या चुकून जास्त दिवस राहिल्या आणि जंतू उगवले. १९८४ साली मार्शलने जंतूंचा रस्सा स्वतः प्यायला. काही दिवसांत त्याला मळमळ-उलट्या झाल्या, आणि आठ-दहा दिवसांनी घातलेल्या दुर्बिणीत जठराचा दाह दिसला. २००५ चे नोबेल त्या दोघांना मिळाले. पोटातला व्रण हा काळजीचा, तिखटाचा किंवा पूर्वसंचिताचा परिणाम नसून बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा किंवा दुखण्यावरच्या गोळ्यांचा असतो, हे सिद्ध झाले.

या जंतूची ओळख आपल्याकडे निराळी आहे. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, दाटीत आणि अशुद्ध पाण्याच्या सोबतीने लागतो, आणि भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी ज्या गावासाठी जमिनीखालून नहरी आणल्या, त्या शहरात जायकवाडीचे पाणी कित्येक वर्षे काही काही दिवसांच्या अंतराने येत राहिले आणि घरोघर पिंपे भरून ठेवावी लागली, ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तरी इतक्या पोटांत जंतू असून जठराचा कर्करोग महाराष्ट्रात तुलनेने कमी, आणि मिझोरामसारख्या ठिकाणी फार. याचे कोडे अजून सुटलेले नाही. म्हणजे जंतू असणे आणि आजार असणे हे एक नव्हे. नव्या शास्त्रानेही इथे जुन्या वैद्याप्रमाणे 'तारतम्य' म्हणावे लागते.

आता प्रत्यक्ष तपासणी. रात्रीपासून उपाशी. घशाला सुन्न करणारा फवारा. तो कडवट असतो आणि तो मारल्यावर आपला घसा आपला राहत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकची कडी देतात, आणि करंगळीएवढ्या जाडीची काळी नळी आत जाते. आता तिच्या टोकाला काचतंतूंऐवजी इवला कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर येते. अन्ननलिका, जठर, मग आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग. पाच-दहा मिनिटांचा खेळ. लागले तर तिळाएवढा तुकडा घेऊन एका छोट्या किटमध्ये टाकतात. पिवळ्याचे गुलाबी झाले तर जंतू आहे. यात व्रण सापडतो, आम्लाने सोललेली अन्ननलिका सापडते, क्वचित कर्करोग सापडतो. मराठवाड्यात गुटखा, तंबाखू आणि बायकांमधली मिश्री यांमुळे तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग परके नाहीत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि टपरीवर पुड्याही आहेत. अन्ननलिकेचा कर्करोग लवकर पाहिला तरच हाती लागतो. गिळताना अडकणे, वजन उतरणे, काळी शी, रक्ताची उलटी, कारण न सापडणारा पंडुरोग, किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेले अजीर्ण: यांपैकी काही असेल तर दुर्बीण उद्यावर टाकू नये, यावर डॉक्टरांत मतभेद नाही. छातीच्या मध्यभागी दाटून घाम फुटत असेल तर दुर्बीण नव्हे, आधी हृदयाचा आलेख. 'पित्तच आहे' म्हणून सोडा पिऊन बसलेल्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.

पण बहुतेकांत असे काहीच सापडत नाही. जुन्या अजिर्णासाठी दुर्बीण टाकलेल्या साधारण चारांपैकी तिघांचे जठर पाहायला निरोगी असते. जगभरच्या अभ्यासांचा हा निष्कर्ष आहे. आणि अजिर्णवाले थोडे नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत सुमारे ३० टक्के लोकांनी अपचनाची तक्रार सांगितली, आणि सुमारे १२ टक्क्यांची तक्रार लक्ष देण्याजोगी होती. दीडशे वर्षे तलवारी, भिंगे, काचतंतू यांच्या मागे लागून वैद्यक आत पोचले आणि बहुतेक वेळा त्याला गुलाबी, स्वच्छ भिंत दिसली.

त्या क्षणी जे घडते ते मला या इतिहासातले सर्वांत नाजूक वळण वाटते. डॉक्टर म्हणतात, 'नॉर्मल आहे.' अर्थ असा की व्रण नाही, कर्करोग नाही. गंगापूर किंवा भोकरदनहून एसटीने आलेली बाई ऐकते, 'तुला काही झालेले नाही.' सोबतचा नवरा किंवा सासू ऐकते, 'सोंग आहे.' एकाच शब्दाचे हे तीन अर्थ. चाळीस वर्षांपूर्वी तिची तक्रार ही तपासणी होती. आता पडद्यावरचे चित्र तपासणी झाले आणि तक्रारीचा साक्षीदार म्हणून दर्जा गेला. यंत्राने काही दाखवले नाही म्हणजे तिथे काही नाही, ही समजूत यंत्राची नव्हे. ती आपली आहे.

वैद्यकाने ही चूक ओळखायला बराच वेळ घेतला, पण ओळखली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रोम शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा आजारांची लक्षणांवरून व्याख्या करायला घेतली. चौथी आवृत्ती २०१६ ची. पाहून नव्हे, पुन्हा सांगण्यावरून. जेवणानंतर डब्ब होणे आणि दोन घासांत पोट भरणे हा एक गट. वरच्या पोटात दुखणे-जळजळणे हा दुसरा. माधवनिदानाच्या विष्टब्ध आणि विदग्ध या जोडीची आठवण कुणाला झाली तर तिला मी फार ताणणार नाही. पण वर्गीकरणाची रीत तीच आहे. कारणेही हळूहळू कळत आहेत. जेवण आत आले की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. काहींत तो सैल पडत नाही. जठरात फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत अशा रुग्णांना इतरांपेक्षा कमी ताणालाच दुखते. काहींना जुलाब-उलट्यांच्या एखाद्या साथीनंतर हे सुरू होते. काहींच्या आद्यांत्रात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा बारीक दाह असतो. यांतले काहीही दुर्बिणीच्या पडद्यावर उमटत नाही. दुर्बीण भिंत पाहते, आणि हा बिघाड भिंतीच्या वागण्यात आहे.

म्हणूनच उपायही मिश्र. जंतू सापडला तर त्याच्यावर प्रतिजैविके. त्याने थोड्यांचे अजीर्ण कायमचे जाते, आणि व्रणाची भीती टळते. मात्र जुलाबासाठी वर्षानुवर्षे खाल्लेल्या मेट्रोनिडाझोलला इथला जंतू पुष्कळदा दाद देत नाही. आम्ल कमी करणारी गोळी काही आठवडे. जठर हलवणारी औषधे. नैराश्यावरच्या जुन्या औषधाची अगदी अल्प मात्रा, जी मनाइतकीच पोटाच्या मज्जातंतूंवर चालते. नेमके हेच औषध रुग्णाला समजावून न देता लिहिले की घरी चिठ्ठी वाचणारा भाचा सांगतो, 'मावशी, ही तर डोक्याची गोळी आहे,' आणि 'सोंग'वर शिक्कामोर्तब होते. उपाशीपोटी घ्यायची आम्लाची गोळी मात्र चिठ्ठीशिवाय दहा-दहा वर्षे चालू राहते. मेडिकलवाला ओळखीचा असतो, पट्टी संपली की नवी.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये 'टॉम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या जठराला असेच एक कायमचे तोंड होते. वुल्फ आणि वॉल्फ या डॉक्टरांनी त्यातून अनेक महिने पाहिले: राग आला की जठर लालबुंद होई, भीतीने फिकट पडे. बोमाँटने पाहिलेलेच पुन्हा, आता रंगासकट. पण टॉमचे जठर दिवसभर, रुसताना, भांडताना, कामावर असताना पाहता येत होते. दुर्बीण दहा मिनिटे पाहते, तेही उपाशीपोटी, झोपवून, फवारा मारून. ज्या जठराची तक्रार जेवणानंतरची, रात्रपाळीनंतरची किंवा मुलीच्या लग्नाच्या कर्जानंतरची आहे, ते अशा वेळी शांत असले तर त्यात जठराचा खोटेपणा काय?

जालना रोडवर आज एन्डोस्कोपीच्या पाट्या ओळीने दिसतात, आणि सरकारी रुग्णालयाबाहेरच्या ओट्यावर बाया-माणसे जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बसलेली दिसतात. पिशवीत चार रंगीत चौकोनी फोटोंचा अहवाल असतो, कधी दोन-तीन सालांचे दोन-तीन. फोटो ओले, गुलाबी, एकसारखे. खाली 'नॉर्मल' लिहिलेले. नवा डॉक्टर पिशवी उघडतो, कागद चाळतो, आणि चांगला असला तर ते बाजूला ठेवून विचारतो: कधीपासून? जेवणाआधी का नंतर? झोप लागते का?